पगारे सरांची चौकातली युक्ती

महेंद्र पगारे सकाळी घरातून निघतो तेव्हा शांत असतो. खरंच शांत असतो, त्याची बायको सायली शपथेवर सांगेल. गाडी पुसतो, डॅशबोर्डवरच्या बुद्धाच्या छोट्या मूर्तीपुढं हात जोडतो, पुढची-मागची लाल अक्षरातली 'एल'ची पाटी सरळ आहे ना ते बघतो आणि श्रीरामपूरच्या रस्त्यावर उतरतो. पहिल्या चौकापर्यंत ही शांती टिकते. तिथं कुणीतरी मान वाकडी करून, कान आणि खांद्यात मोबाईल दाबून, एका हातानं मोटरसायकल हाकत आडवा येतो. मग महेंद्रचं तोंड जे सुरू होतं ते संध्याकाळी गाडी लावेपर्यंत बंद होत नाही.

"अरे ए शहाण्या! कुठं आग लागलीय? आणि लागली असली तर आधी फोन ठेव की बाबा, मग विझव!"

काच वर असते, त्यामुळं त्या शहाण्याला काही ऐकू जात नाही. ऐकावं लागतं ते शेजारी स्टेअरिंग धरून बसलेल्या शिकाऊ माणसाला. त्या बिचाऱ्याला वाटतं, सर आपल्यालाच बोलतायत, आणि तो घाबरून गाडी बंद पाडतो.

महेंद्रचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल आहे. स्कूल म्हणजे बसस्टँडच्या मागं एक गाळा आणि एक गाडी. त्या गाडीला डाव्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक आहे, आणि महेंद्रचा सगळा जन्म त्या डाव्या सीटवरच चाललाय. उजवा पाय सदानकदा ब्रेकवर. सायली म्हणते, घरी टीव्ही बघतानासुद्धा याचा पाय मधूनच फरशी दाबतो.

आणि दाबणार नाही तर काय करेल! 'एल'ची पाटी म्हणजे खरं तर विनंती असते, की बाबांनो, नवीन माणूस आहे, जरा सांभाळून घ्या. इथं ती पाटी दिसली की लोकांच्या अंगात येतं. मागचा हॉर्नवरचा हात काढत नाही. पुढचा मुद्दाम गाडी आडवी घालतो. जीपवाला काच खाली करून गुटख्याची पिंक टाकतो आणि वर आपल्याकडंच रागानं बघतो. गळीत हंगाम सुरू झाला की उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर येतात, त्यांच्यावर गाणी इतक्या जोरात की मागं कुणी मेला तरी ड्रायव्हरला कळायचं नाही. शनिवारी-रविवारी शिर्डीला जाणाऱ्या बाहेरगावच्या गाड्या. त्यांचा ड्रायव्हर मोबाईलमधला नकाशा बघत चालवतो आणि रस्ता चुकला की भर चौकात उभा राहून बायकोशी भांडतो. इंडिकेटर नावाची वस्तू तर कंपनीवाले उगाच शोभेला लावतात असा समस्त तालुक्याचा समज आहे.

"ह्यांना लायसन कुणी दिलं?" महेंद्र रोज विचारतो. पुढच्याच घटकेला त्याला आठवतं की यातल्या निम्म्यांना आपणच शिकवलंय, आणि त्याचं डोकं जास्तच फिरतं.

त्याचे वडील, आप्पा, रेल्वेत गेटमन होते. लोक फाटकाखालून वाकून सायकली काढायचे, आप्पा हातात हिरवा-लाल झेंडा घेऊन ओरडत राहायचे. महेंद्रचा आवाज तिथूनच आलाय. पण आप्पांनी त्याला रस्ता ओलांडायला शिकवलं होतं ते तो कधी विसरला नाही. समोरच्याच्या डोळ्यात बघायचं. त्याला आपण दिसलो याची खात्री झाली की मगच पाऊल टाकायचं. पोरांना शिकवताना महेंद्रनं यातलं पाऊल काढून क्लच घातला, बाकी धडा तोच ठेवला. गिअर, आरसे, आठ काढणं हे सगळं नंतर. चौकात आधी डोळ्यात बघा.

हा धडा मनापासून घेतला तो शुभांगीताईंनी.

शुभांगीताई पंचेचाळिशीच्या. गावापासून लांब वस्तीवर राहायच्या. त्यांचे मालक सहादेव साखर कारखान्यात फिटर होते. एके दिवशी कामावरच खाली बसले आणि उजवी बाजू गेली. डॉक्टरांनी सांगितलं, ह्या पहिल्या काही महिन्यांत हातापायाला व्यायाम मिळाला तर माणूस चालेल. खाडे झाले तर मग खाट धरायची. व्यायाम करून घेणारे डॉक्टर श्रीरामपुरात. वस्तीवर एसटी येत नाही, काळ्या मातीच्या रस्त्यानं रिक्षावाला यायला तयार होत नाही. एकदा दिरानं मोटरसायकलवर पाठीशी उपरण्यानं बांधून नेलं, तर सहादेव अर्ध्या वाटेत एका अंगाला कलंडले आणि दोघंही शेतात गेले. दारात जुनी पांढरी मारुती उभी होती, ती चालवायला पुतण्या दोनदा आला. मग त्याचा फोन लागेना.

"सर, मला लवकर शिकवा," पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या तोंडाकडं बघून आमचे हे काय उठायचे न्हाईत. मलाच न्यावं लागंल."

महेंद्रनं असे शेकडो लोक पाहिले होते, पण असा विद्यार्थी पाहिला नव्हता. सर म्हणतील ती पूर्व दिशा! अर्धा क्लच सांगितला की अर्धाच, केसभर इकडं-तिकडं नाही. आरसा बघा म्हटलं की बघणार. शेळ्या आडव्या आल्या की थांबणार. डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई कडेला दिसली की गाडी हळू करून बंद काचेआडून म्हणणार, "या बाई, या, जावा तुमी."

महेंद्र हरखून गेला. घरी जाऊन बायकोला म्हणाला, "सायली, आज रस्त्यावर माणूस बघितला."

"मग सत्कार करा," सायली म्हणाली, "आणि आधी जेवून घ्या."

अडलं ते पाटाच्या पुलाजवळच्या चौकात. वस्तीवरून दवाखान्यात जायचं तर तो चौक ओलांडल्याशिवाय गत्यंतर नाही. तिथला सिग्नल कधीचा बंद आहे. चार बाजूंनी चार तऱ्हेचे लोक घुसतात आणि जो जास्त घुसतो तो निघतो. महेंद्रनं शुभांगीताईंना नेमकं संध्याकाळच्या गर्दीत तिथं नेलं, कारण त्यांना रोज हेच करायचं होतं.

"आता समोरच्याच्या डोळ्यात बघा," महेंद्र म्हणाला.

त्या बघायला लागल्या. पण डोळ्यात बघायचं तर डोळे तरी सापडायला पाहिजेत ना! डावीकडचा मोबाईलमध्ये बघत होता. उजवीकडच्यानं सांजवेळेला काळा चष्मा चढवलेला. टेम्पोवाला मागच्या माणसाशी बोलत मान वळवून चालला होता. एका मोटरसायकलवाल्यानं मात्र शुभांगीताईंकडं नीट पाहिलं. त्यांना बरं वाटलं, त्यांनी पाय सैल केला, आणि ही बाई आपल्याला बघून थांबणार असं ताडून तो बेधडक पुढून घुसला. त्याच्यामागून सगळी रांगच घुसली. शुभांगीताईंनी करकचून ब्रेक दाबला. गाडी बंद.

मग मागून हॉर्न. एक, दोन, सगळेच. त्यांनी किल्ली फिरवली, पुन्हा बंद पडली. मागच्या मोठ्या गाडीतून गळ्यात जाड साखळी घातलेला एक जण उतरला. पुढं येऊन त्यानं काचेवर थाप मारली.

"ओ बाई, घरी भाकऱ्या थापा की! इथं कशाला आलाय लोकांचा खोळंबा करायला?"

त्याच्याबरोबरचा हसला. त्यानं मोबाईल काढून शुटिंगच सुरू केलं. एक बाई घाबरलीय आणि हा तिचा व्हिडिओ काढतोय! महेंद्र दार उघडून खाली उतरला, "काय रे, तू आईच्या पोटातून गाडी शिकून आला होतास का?" असं ओरडला, तोवर ते दोघं गाडीत बसून कडेनं निघूनही गेले.

महेंद्रनं गाडी ढकलून चहाच्या टपरीपाशी लावली. शुभांगीताईंनी स्टेअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले होते.

"सर, माझ्याच्यानं न्हाई व्हायचं," त्या म्हणाल्या. "इतक्या लोकांतून मी ह्यांना घिऊन कशी जाऊ? न्हाई चालणार ते आता. पडतील खाटंवर. नशीब म्हनायचं." आणि पदराचा बोळा तोंडात धरून रडायला लागल्या.

महेंद्रच्या मस्तकात तिडीक गेली. एवढी शहाणी बाई, सगळं बरोबर करणारी, आणि तिला रडवणारे कोण, तर ज्यांना रस्त्याच्या कुठल्या बाजूनं चालवायचं तेही माहीत नाही ते! त्याला त्या साखळीवाल्याचा राग आला, बंद सिग्नलचा आला, स्वतःच्या धड्याचाही आला. तो टपरीसमोर उभा राहून हातवारे करत बोलायला लागला.

"ताई, मी शिकवलं ते सगळं विसरा! डोळ्यात बघायचं म्हणे! कुणाच्या डोळ्यात? बघितलं की तुम्ही फसल्या. त्याला कळतं, हिला मी दिसलोय, ही थांबणार. तो घुसतो. तुम्ही बघूच नका कुणाकडं! मान सरळ, नजर सरळ, आणि फोन लावा कानाला. फोनवाल्याला सगळं श्रीरामपूर वाट देतं, माहीत आहे ना? कारण त्याला काही दिसत नाही हे सगळ्यांना दिसतं. म्हणून लोक घाबरून थांबतात. डोळे उघडे ठेवणाऱ्याला इथं कोण विचारतंय!"

टपरीवाला खो खो हसला. चहा पिणारे हसले. शुभांगीताई हसल्या नाहीत. त्यांनी डोळे पुसले.

"चालू फोनच लागंल का सर? का बंद चालंल?"

"बंद लावा, चालू लावा, साबणाची वडी लावा कानाला!" महेंद्र म्हणाला आणि चहा मागवला.

आता यात चूक कुणाची? महेंद्र रोज असल्या पन्नास गोष्टी बोलतो. त्याचे बाकीचे विद्यार्थी त्याचं निम्मं ऐकतात आणि तेही विसरतात. पण ही बाई त्याचा शब्द न् शब्द घेत होती, आणि त्यानंच त्याबद्दल तिचं तोंड भरून कौतुक केलं होतं. त्या क्षणी त्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं. बाई मनापासून विचारतेय हे त्याच्या लक्षातच आलं नाही.

त्यानंतर त्यानं शुभांगीताईंना त्या चौकात नेलंच नाही. पुन्हा रडल्या तर उरलीसुरली हिंमत जायची, म्हणून मागच्या रस्त्यानंच फिरवलं. परीक्षेच्या दिवशी आरटीओच्या मैदानावर त्यांनी असा सुबक आठ काढला की साहेबानं मान डोलावली. लायसन हातात आलं तेव्हा त्या महेंद्रच्या पाया पडायला वाकल्या. त्यानं मागं सरून हात जोडले. पुढच्या आठवड्यात वस्तीवरची मेथी आणि हरभऱ्याचा हिरवागार पाला गाळ्यावर आला.

दवाखान्यातला कंपाउंडर महेंद्रच्या ओळखीचा. तो एकदा सांगत होता, ती वस्तीवरची बाई नवऱ्याला घेऊन येते, एकटी, एकही खाडा नाही. महेंद्रची छाती फुगली. मग नवीन येईल त्याला तोच दाखला.

"जमत नाही म्हणू नका. आमच्या शुभांगीताई बघा! चौकात रडत होत्या. आज आजारी माणूस घेऊन रोज तोच चौक ओलांडतात. आणि सभ्यपणे, बरं का. कुणाला आडवं जाणं नाही, काही नाही."

हे तो एके दिवशी मोनिकालाही सांगत होता. मोनिका पतसंस्थेत कामाला, नुकती लागलेली पोरगी, तिच्या संस्थेनं तिला वसुलीसाठी गाडी द्यायचं कबूल केलं होतं. चौकात गाडी उभी. ऊस चाललेला, धुरळा उडालेला, हॉर्न वाजतच होते. मोनिका धड्याप्रमाणं एकेकाच्या डोळ्यांचा शोध घेत होती आणि महेंद्र दर मिनिटाला कुणाचा तरी उद्धार करत होता.

आणि चमत्कार झाला. समोरून आलेला एसटीचा ड्रायव्हर थांबला. त्यानं मोनिकाकडं पाहिलं आणि हातानं 'जा पोरी' अशी खूण केली.

"बघा!" महेंद्र ओरडलाच. "आहेत, माणसं आहेत अजून! चला, सोडा क्लच, सावकाश."

मोनिकानं गाडी पुढं घेतली. चौकाच्या मध्यावर आली आणि डावीकडून एक पांढरी मारुती सरळ आत आली. वेग कमी केला नाही, मान वळवली नाही. आत कानाला मोबाईल लावलेली एक बाई. महेंद्रचा पाय ब्रेकवर आदळला. मोनिका स्टेअरिंगवर आपटता आपटता वाचली. मारुती त्यांच्या बंपरपुढून बोटभर अंतरानं निघून गेली. एसटीवाल्यानं डोकं बाहेर काढून मोनिकालाच झापलं, "डोळे फुटले का?"

मारुती थोडी पुढं जाऊन उसाच्या ट्रॉलीमागं अडकली होती. महेंद्र दार उघडून धावत सुटला. पोरगी मेली असती! डावीकडून लागली असती तर आपणही गेलो असतो! इतक्या वर्षांत काचेआड बोललेलं सगळं आज एकाच्या तोंडावर बोलायचं होतं. देव करो आणि ट्रॉली हलू नये, एवढंच त्याच्या मनात होतं. त्यानं जाऊन काचेवर दणादण थापा मारल्या.

काच खाली आली.

"अगं बाई, सर!" शुभांगीताईंचा चेहरा फुलला. त्यांनी कानाचा मोबाईल मांडीवर ठेवला. "बघितलंत का? एका दमात आले बघा! कुटं थांबले न्हाई!"

महेंद्रच्या तोंडात शिव्या तयार होत्या, त्या तिथंच राहिल्या. पलीकडच्या सीटवर सहादेव बसले होते. 'सर' ऐकून त्यांनी महेंद्रला ओळखलं, डावा हात कपाळाला लावला. मग, जरा थांबा म्हणावं तसं, उजवा हात मांडीवरून उचलायला लागले. हात थरथरत छातीपर्यंत आला.

"उठतो... आता..." ते जड जिभेनं म्हणाले. "चार पावलं... बी टाकतो."

"एकबी दिस चुकू दिला न्हाई मी," शुभांगीताई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यात पाणी आलं होतं. "तुमी ती युक्ती सांगितली म्हनून, सर. न्हाईतर ह्या चौकातनंच माघारी गेले असते रोज. आता समदे थांबतात मला. टेम्पोवाले, ट्रॅक्टरवाले, समदे."

"ताई, तो फोन..."

"बंदच हाय की. ह्यांचा जुना, फुटका. तुमीच म्हनला हुतात बंद चालंल." त्यांनी तो उलटा करून दाखवला. मागचं झाकण दोऱ्यानं बांधलं होतं, आत बॅटरी नव्हती. बाईनं रोज तो सोबत ठेवला होता, लायसनसारखाच.

"ताई, ऐका," महेंद्र म्हणाला. "आत्ता माझी गाडी होती तिथं मध्ये. एक पोरगी चालवत होती. थोडक्यात वाचलो आम्ही."

"कुटं?" शुभांगीताईंनी दचकून मागं पाहिलं. त्यांना खरोखर ठाऊक नव्हतं. "मी न्हाई बघितली, सर. कुनाकडं बघायचंच न्हाई म्हनला हुतात ना तुमी?"

पुढची ट्रॉली हलली. मागच्यांनी हॉर्न धरले. शुभांगीताई गोंधळल्या. काही विचारायचं होतं त्यांना, पण दवाखान्याची वेळ होत होती आणि मागचा तर आता शिव्याच देत होता. "येते सर, वाईट वाटून घिऊ नका," म्हणाल्या, आणि गाडी पुढं गेली. पुढच्या वळणावर त्यांनी मोबाईल पुन्हा कानाला लावलेला महेंद्रला दिसला.

तो परत आला. मोनिका चौकाच्या मधोमध गाडीत बसून होती. चारी बाजूंनी लोक तिला ओरडत कडेकडेनं चालले होते. महेंद्र डाव्या सीटवर बसला आणि त्यानं दार लावून घेतलं.

"कोण होती सर ती बाई?" मोनिका चिडून म्हणाली. "चांगली खरडपट्टी काढली ना तिची?"

महेंद्रनं सीटबेल्ट ओढून लावला.

"असल्यांना शिकवतं तरी कोण?"

"मी," महेंद्र म्हणाला. "माझ्याकडं शिकल्या. त्याच शुभांगीताई."

मोनिकानं काचेतून बाहेर पाहिलं. पांढरी मारुती केव्हाच पुलापलीकडं निघून गेली होती. त्यांच्या गाडीला मात्र कुणी हलू देत नव्हतं.

"सर," ती म्हणाली, "मग मला का नाही शिकवत तसं?"